रिकाम्या गावातलं शिबिर

दिवाळी सरली की जामखेड तालुक्यातल्या खर्डा परिसरातल्या वाड्यावस्त्यांवर दारोदार कुलपं दिसू लागतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून प्रवरेकडे, सांगली-कोल्हापूरकडे, थेट कर्नाटकापर्यंत ऊसतोडीला जातात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली पोरं. नेमकं याच दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, कॉलेजांचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं हिवाळी शिबिर गावोगाव भरतं. शिकवणारे गावात आणि शिकायचं ज्यांना ते उसाच्या फडात. मागच्या पन्नासेक वर्षांकडे वळून पाहताना मला ही चुकामूक सगळ्यात आधी दिसते.

प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचं गाळप १९५० साली सुरू झालं. सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ची, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षातली. पुढे १९७२ च्या दुष्काळाने जामखेड, पाथर्डी आणि शेजारच्या बीडमधली माणसं बाहेर काढली. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ मध्ये साक्षरता मिशन. कंदिलाच्या उजेडात कॉलेजच्या पोरांनी मनापासून पाट्या गिरवून घेतल्या. पण हंगामात सहा महिने गावाबाहेर असणाऱ्यांच्या हाती त्यातून फार तर सहीपुरती अक्षरं आली.

जून २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. आईबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलाचं मात्र दरवर्षी दुसरं सत्र बुडत राहिलं. त्याची एबीसीडी दर जूनला नव्याने सुरू होई. औरंगाबादच्या ‘जनार्थ’ या संस्थेने कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या, हंगामी वसतिगृहं निघाली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने स्थलांतरितांच्या मुलांना शाळेत घेणं स्थानिक संस्थांवर बंधनकारकही केलं. मुलांसाठी एवढं तरी झालं. त्यांच्या आयांसाठी काय झालं?

हा प्रश्न मला टोचतो, कारण कराराच्या भाषेत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. पहाटे थंडीत ऊस तीही तोडते, मोळ्या तीही वाहते, पण हिशोब बहुधा नवऱ्याच्या नावावर चालतो. वजनकाट्यावर गाडी चढते तेव्हा समोर झळकणारे आकडे इंग्रजी असतात. म्हणून कामापुरती इंग्रजी तिलाही यायला हवी, आणि तिला शिकवायला बसणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्याने आधी तिची भाषा ऐकावी. टायर, सेंटर, स्लिप, टन, ट्रॉली हे शब्द तिच्या तोंडात कधीचेच रुळलेत. धडा तिथूनच निघावा. शून्य ते नऊ हे आकडे, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनातला फरक, उचलीतून किती फिटलं त्याची वही. ‘माय नेम इज’ मागाहून आलं तरी चालेल.

हे जमणार नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याने खर्ड्याहून जामखेडला जाऊन यावं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० नंतर तिथे शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपणं, लसीकरण, पोरांची वजनं त्या शिकल्या, कारण शिकवलेलं दुसऱ्याच दिवशी कामी येत होतं.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात ‘स्टुडंट ॲक्शन विथ फार्मवर्कर्स’ ही संघटना १९९२ पासून कॉलेजच्या मुलांना शेतमजुरांमध्ये कामाला पाठवते. तिकडे बऱ्याच मजुरांची बोली मेक्सिकोची स्पॅनिश आणि मालकाची इंग्रजी, म्हणून भाषा शिकवण्याची गरज उघड दिसते. इकडे शेतकरी, मुकादम, तोडकरी बहुतेक ठिकाणी मराठीच बोलतात, त्यामुळे ती गरज नजरेतून सुटते.

२०२२ पासून ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून विद्यार्थ्यांना पुन्हा बोलावणं आलं आहे. ते कुठे बसणार, हाच प्रश्न आहे. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे गाळप संपून, टोळ्या खर्ड्याकडे परततात तेव्हा कॉलेजात परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. म्हणून प्रवरेकडच्या लोणी, राहुरी, संगमनेरच्या मुलांनी आपल्याच शिवारातल्या तोडकऱ्यांच्या कोप्यांपर्यंत चालत जाऊन बायकांना शिकवावं आणि मार्चमध्ये त्यांच्या वह्या जामखेडच्या मुलांकडे सोपवाव्यात, असं मला वाटतं. वर्गाची वेळ मात्र त्या बायकांनाच विचारून ठरवावी लागेल. गाडी भरायला रात्री कितीला येईल, हे त्यांनाच ठाऊक असतं.