चिलखत पुन्हा घडविताना

स्वीडनच्या पूर्वेस बाल्टिक समुद्रात गॉटलंड नावाचे बेट आहे. २७ जुलै १३६१ रोजी या बेटावरील व्हिस्बी नगराच्या तटाबाहेर डेन्मार्कचा राजा चौथा वाल्देमार याच्या कसलेल्या सैन्याने गॉटलंडच्या शेतकऱ्यांच्या फौजेचा दारुण पराभव केला. मृतांना मोठमोठ्या खड्ड्यांत पुरण्यात आले. दिवस ऐन उन्हाळ्याचे होते. प्रेते लवकर सडू लागल्यामुळे अनेकांच्या अंगावरील चिलखते काढून घेण्याचे राहून गेले असावे, असे मानले जाते. १९०५ पासून हे खड्डे उकरण्यास प्रारंभ झाला, तेव्हा सांगाड्यांच्या जोडीने कवट्यांना चिकटून राहिलेल्या कड्यांच्या टोप्या आणि बरगड्यांवर रचल्यासारख्या पडलेल्या गंजक्या लोखंडी पट्ट्या हाती आल्या. बेंग्ट थोर्डेमन या स्वीडिश पुरातत्त्वज्ञाने १९३९ व १९४० मध्ये या सामग्रीचा अभ्यास दोन खंडांत प्रसिद्ध केला. प्रत्येक पट्टीचा आकार, तिच्यावरील रिव्हेटांच्या जागा आणि सांगाड्यावरील तिचे स्थान यांची त्यात काटेकोर नोंद आहे.

विद्वानांसाठी लिहिलेल्या या ग्रंथाला पुढे एक वेगळाच वाचकवर्ग लाभला. हा वाचक हातात कात्री, पत्रा आणि हातोडा घेऊन ग्रंथातील आकृत्या पाहत होता. त्याला व्हिस्बीचे कवच समजून घ्यावयाचे होतेच, पण त्याहीपलीकडे ते पुन्हा घडवून अंगात घालावयाचे होते. मध्ययुगातील चिलखते, वस्त्रे, पादत्राणे, भांडी व हत्यारे स्वतःच्या हाताने पुन्हा घडविण्याचा जो छंद आज युरोप-अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर जोपासला जातो, त्याचे मर्म या वाचकाच्या धडपडीत आहे.

मध्ययुगाचे आकर्षण अर्थातच याहून जुने आहे. ऑगस्ट १८३९ मध्ये स्कॉटलंडमध्ये एग्लिंटनच्या अर्लने सरदारांच्या द्वंद्वयुद्धांचा भव्य सोहळा योजिला होता. हजारो प्रेक्षक जमले आणि धो धो पावसाने सारा थाट चिखलात बुडविला. मात्र त्या सोहळ्याला इतिहासापेक्षा रम्य कल्पनाच अधिक प्रिय होत्या. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे काही तरुणांनी घराच्या मागील अंगणात अशीच एक मध्ययुगीन मेजवानी भरविली. तीतून एक संस्था उभी राहिली आणि पुढे तिच्या शाखा अनेक देशांत पसरल्या. तिच्या लढतींत पोलादाच्या तलवारीऐवजी वेताची काठी वापरली जाते. पोलंडमध्ये १४१० सालच्या ग्रुनवाल्डच्या लढाईचे प्रात्यक्षिक जुलै महिन्यात त्याच परिसरात करण्याची प्रथा १९९८ पासून रूढ झाली.

या साऱ्या मंडळींत वेशभूषेची हौस भागविणारे पुष्कळ असतात. त्यांच्यातच एक लहानसा वर्ग असा असतो की, जो प्रत्येक टाक्यासाठी व प्रत्येक रिव्हेटासाठी पुरावा मागतो. हा पुरावा मुख्यत्वे तीन ठिकाणी मिळतो. पहिला प्रत्यक्ष अवशेषांत, दुसरा थडग्यांवरील शिल्पांत आणि तिसरा हस्तलिखितांतील चित्रांत. यांपैकी एकावरच विसंबून राहिले तर कशी फसगत होते, याचे एक उदाहरण बोधप्रद आहे. तेराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये चितारलेल्या, व आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात असलेल्या, प्रसिद्ध बायबल-चित्रांत योद्ध्यांची कड्यांची चिलखते छोट्या अर्धवर्तुळांच्या ओळींनी दाखविली आहेत. हजारो कड्या एकेक करून काढणे चित्रकाराला शक्य नव्हते. प्रत्येक चित्रकाराने व शिल्पकाराने आपापल्या परीने एक खूण योजिली. १८२४ मध्ये सॅम्युअल मेरिक या इंग्रज अभ्यासकाने या निरनिराळ्या खुणांनाच चिलखतांचे निरनिराळे प्रकार मानले आणि जाळीदार, कौलारू, पट्टेदार अशी त्यांची वर्गवारी केली. पुढे अवशेषांचा कसून अभ्यास झाला तेव्हा यांतील बहुतेक प्रकार केवळ कागदावरचे होते, असे दिसून आले. तथापि जुन्या पुस्तकांतून व खेळांतून ती नावे आजही टिकून आहेत. चूक एकदा छापली गेली की पिढ्यान्‌पिढ्या तिची नक्कल होत राहते. चुकीची प्रतिकृती तर छापील चुकीपेक्षाही घातक ठरते, कारण डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूवर माणसाचा विश्वास चटकन बसतो.

कड्यांचे चिलखत घडविण्याची रीत वरकरणी सोपी वाटते. लोखंडी तार सळईभोवती गुंडाळून तिची स्प्रिंगसारखी गुंडाळी करावयाची आणि ती कापून कड्या सुट्या करावयाच्या. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवली जाते. हौशी कारागिरांच्या पहिल्या पिढीने कुंपणाची जस्तलेपित तार घेतली आणि कडीची दोन टोके पकडीने नुसती जुळवून दिली. असे चिलखत दुरून हुबेहूब दिसे, पण ओढ बसताच कडीची तोंडे उघडत. मध्ययुगीन युरोपातील कडी निराळी होती. तिची टोके एकमेकांवर चढवून ठोकून चपटी केलेली असत. त्यांत बारीक छिद्र पाडून इवलासा रिव्हेट बसविलेला असे. ही क्रिया करताना कळते की, तार आधी तापवून मऊ केली नाही तर ती छिद्र पाडताना चिरते, आणि छिद्र किंचित बाजूला सरकले तर रिव्हेट धरत नाही. जस्तलेपित तार तापविली तर तिचा धूर विषारी ठरतो, हा धडाही काहींना याच वाटेवर मिळाला. गुडघ्यापर्यंतच्या एका चिलखताला वीस-तीस हजार कड्या सहज लागतात. महिनोन्‌महिने संध्याकाळी हे काम करीत बसलेल्या माणसाला एक गोष्ट उमगते. चिलखत ही मुख्यतः श्रमाची व वेळेची किंमत होती आणि म्हणूनच ते पिढीजात वापरले जाई, डागडुजी करून पुन्हा विकले जाई व रणांगणावर मृताच्या अंगावरून काढून घेतले जाई.

लोखंडाखाली काय असे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण कापड मातीत टिकत नाही. कड्यांनी तलवारीची धार अडते, पण घावाचा दणका अडत नाही. त्यासाठी आत गोधडीसारखा, अनेक पदरी किंवा कापूस भरून शिवलेला जाड अंगरखा घालीत. त्याच्या एका युरोपीय नावाचे मूळ ‘कुत्न’ म्हणजे कापूस या अरबी शब्दात आहे. या वस्त्राची शिवण समजण्यास काही दुर्मीळ अवशेष उपयोगी पडतात. ग्रीनलंडमधील हेरयोल्फ्सनेस येथील दफनभूमीत डॅनिश संशोधक पॉल न्यॉर्लुंड यांना १९२१ मध्ये लोकरीची अनेक वस्त्रे मिळाली. तेथील गोठलेल्या जमिनीने ती जपून ठेवली होती. १९३६ मध्ये स्वीडनमधील बोकस्टेनच्या दलदलीत चौदाव्या शतकातील एका पुरुषाचा देह झगा व टोपडे यांसह सापडला. फ्रान्समधील लियों येथे तर १३६४ मध्ये लढाईत पडलेल्या शार्ल द ब्ल्वा याचा म्हणून सांभाळलेला रेशमी, पदरी अंगरखा आहे. त्याच्या बाहीचा मुंढा छाती-पाठीवर खोलवर शिरतो. कागदावर हा आकार विचित्र वाटतो. मात्र तसे वस्त्र शिवून अंगात घातले आणि हात उंच उचलला, म्हणजे कमरेपासूनचा भाग वर ओढला जात नाही हे तत्काळ ध्यानात येते. शिंप्याने कापडाची ही नासाडी का केली, याचे उत्तर हात उचलताना मिळते.

अंगात घालून पाहिल्याने काही जुने समज गळून पडतात. पोलादी कवच घातलेल्या सरदाराला यारीने उचलून घोड्यावर बसवीत, ही कल्पना १९४४ सालच्या एका गाजलेल्या इंग्रजी चित्रपटाने घरोघरी पोहोचविली. तिला आधार नाही. पंधराव्या शतकातील युद्धाच्या संपूर्ण कवचाचे वजन साधारणतः २० ते २५ किलो असे व ते सर्वांगावर वाटले जाई. नीट बेतलेले कवच घालून माणूस धावतो, खाली पडून उठतो आणि घोड्यावर चढतो. परंतु याचा अर्थ ते सुखावह होते, असा नव्हे. २०११ मध्ये लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी कवच घातलेल्या सराईत प्रात्यक्षिककारांना चालत्या पट्ट्यावर चालविले. त्यांना चालण्यास नेहमीच्या दुपटीहून अधिक ऊर्जा लागत असल्याचे आढळले. पायांवरील लोखंड प्रत्येक पावलागणिक उचलावे लागते आणि छातीवरील पत्रा दीर्घ श्वास घेऊ देत नाही. यारीची कथा खोटी ठरली, पण चिखलातून शत्रूवर चालून जाणाऱ्या सरदाराची दमछाक मात्र खरी ठरली.

या पद्धतीच्या मर्यादाही ओळखणे अगत्याचे आहे. आजचा कारखान्यातील पत्रा एकजिनसी असतो. मध्ययुगीन लोखंडात मळीचे धागे असत आणि त्याची प्रत जागोजाग बदले. त्यामुळे आजच्या पत्र्यावर आजची तलवार चालवून काढलेला निष्कर्ष चौदाव्या शतकाला जसाच्या तसा लागू पडत नाही. आजच्या छंदिष्टाला बालपणापासूनचा सराव नसतो आणि मरणाचे भयही नसते. म्हणून प्रामाणिक कारागीर आपल्या वस्तूबरोबर एक टिपण ठेवतो. कोणता भाग अवशेषावरून घेतला, कोणता चित्रावरून, आणि कोठे निव्वळ तर्क चालविला, हे त्यात लिहिलेले असते. हे टिपण नसेल तर उत्तमातील उत्तम प्रतिकृतीही शोभेची वस्तूच राहते.

भारतीय वाचकांना या छंदाचा एक धागा आपल्या घराशी जुळलेला दिसेल. रिव्हेट मारलेल्या कड्या स्वतः जोडण्याइतका वेळ सर्वांजवळ नसतो. अशांसाठी जगाच्या बाजारात जी तयार चिलखते मिळतात, त्यांतील पुष्कळशी भारतातील कारखान्यांत हातांनी जोडलेली असतात. आपल्याकडेही मोगल काळात कड्या व पत्रे यांची संमिश्र चिलखते प्रचारात होती. मात्र येथील कारागीर आज मागणीनुसार जोडतो तो बहुधा युरोपीय नमुना. आपल्या वस्तुसंग्रहालयांतील चिलखतांच्या कड्या मोजून, त्यांची जोडणी टिपून, ती पुन्हा घडवून पाहण्याचे काम येथे त्या मानाने फारच थोडे झाले आहे. कौशल्य हाताशी आहे आणि मूळ वस्तूही काचेआड आहेत. या दोहोंची गाठ पडणे तेवढे बाकी आहे.

शेवटी पुन्हा व्हिस्बीकडे वळले पाहिजे. तेथील कवचे ज्या प्रतिकृतींतून आज मिरवली जातात, त्या पाहून कोणालाही तरुण, धिप्पाड वीर आठवावेत. खड्ड्यांतील हाडे मात्र दुसरेच सांगतात. त्यांत मिसरूड न फुटलेली मुले होती, म्हातारे होते, जुन्या व्याधींनी अधू झालेली माणसे होती. अनेकांचे घाव नडग्यांवर आहेत, जेथे लोखंड पोहोचत नव्हते. त्यांच्या अंगावरील कवचे त्या काळच्या मानानेही जुन्या धाटणीची होती. घरात जे होते ते चढवून ती माणसे तटाबाहेर उभी राहिली होती. पत्रा कापून, रिव्हेट ठोकून ते कवच स्वतःच्या छातीवर बांधणारा हौशी कारागीर खाली वाकतो, तेव्हा आपले गुडघे उघडेच राहिले आहेत, हे त्याला जाणवते. तेथून पुढे ते केवळ शोभेचे कवच राहत नाही.