एकशे साठ श्रेयांकांचा ताळमेळ

गेल्या डिसेंबरात, सकाळचे देवदर्शन आटोपून मी वर्तमानपत्र उघडले होते, तेवढ्यात इचलकरंजीहून भाच्याचा फोन आला. "मामा, तुम्ही आयुष्यभर बँकेत खाती तपासलीत. एक हिशोब बघून द्याल का? एकशे साठपैकी एकशे साठ होतात, तरी कॉलेज म्हणतंय पदवी मिळणार नाही. अडलंय कुठं तेच कळेना!"

भाच्याचा व्यवसाय सुताचा. त्याची कन्या पुण्याच्या एका खासगी डिझाइन महाविद्यालयात वस्त्रकलेच्या चौथ्या वर्षाला आहे. तिने हा अभ्यासक्रम निवडला तेव्हा घरात थोडी कुरबुर झालीच होती. व्यापारी घराला बी.कॉम. समजते, सी.ए. समजते, अलीकडे इंजिनिअरिंगही समजते. पण चार वर्षे 'चित्रे काढून' पदवी कशी मिळते, हे समजत नाही. प्रदर्शनात तिच्या कामाचे कौतुक झाले की आईवडील समाधान मानीत. गुणपत्रिका मात्र कोणी नीट वाचलेली नव्हती, आणि यात एकट्या भाच्याचाच दोष आहे असे मी म्हणणार नाही.

दोन दिवसांनी नात सातही सत्रांच्या गुणपत्रिका आणि महाविद्यालयाची नियमपुस्तिका घेऊन माझ्याकडे आली. बसता बसता म्हणाली, "आजोबा, माझं काम चांगलं झालंय हो. हे फक्त कागदाचं आहे." मी म्हटले, "बाळ, पदवी हाही कागदच आहे. आधी कागदच पाहू."

ही चौकट प्रथम समजावून घेणे आवश्यक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांसाठी श्रेयांकांची नवी रचना जाहीर केली. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या सन्मान पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. श्रेयांक म्हणजे गुण नव्हेत. ते केलेल्या श्रमाचे माप आहे. वर्गातील व्याख्यानांचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक. परंतु प्रयोगशाळा, कार्यशाळा किंवा स्टुडिओतील कामाला एका श्रेयांकासाठी ३० तास द्यावे लागतात. वाणिज्य शाखेच्या मुलाला आणि कलाशाखेच्या मुलीला श्रेयांक सारखेच मिळतात, पण तिला ते मिळविण्यासाठी वर्गखोलीत दुप्पट वेळ उभे राहावे लागते. एका सत्रात २० श्रेयांक आणि सारेच स्टुडिओचे धरले, तर ६०० तास होतात. सत्र पंधरा आठवड्यांचे मानले तर आठवड्याला ४० तास, आणि घरी करावयाचे काम निराळे. 'दिवसभर चित्रेच तर काढते' असे म्हणणाऱ्या माझ्या भाच्याला मी हा गुणाकार करून दाखविला, तेव्हा तो काही क्षण बोलला नाही. त्याच्या दुकानाचा नोकरही आठवड्याला एवढेच तास भरतो.

आता नातीचा हिशोब. तिच्या महाविद्यालयाच्या नियमपुस्तिकेप्रमाणे १६० श्रेयांकांपैकी किमान ९६ मुख्य विषयाचे, २४ वैकल्पिक विषयांचे आणि उरलेले ४० भाषा, मूल्यशिक्षण, कौशल्ये, उद्योगातील प्रशिक्षण इत्यादींचे असावे लागतात. मी वहीवर तीन रकाने आखले आणि एकेका सत्राची गुणपत्रिका त्यांत उतरविली. शेवटचे सत्र ठरल्याप्रमाणे पार पडले असे गृहीत धरले तरी मुख्य विषयाचे ९२ भरत होते, वैकल्पिकचे २८ आणि इतर ४०. बेरीज बरोबर एकशे साठ!

एम.कॉम.च्या पहिल्या वर्षात आमचे एक प्राध्यापक पुनःपुन्हा बजावीत असत की, तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर आहे असे समजू नका. रमणलालच्या खात्यावरची रक्कम मगनलालच्या खात्यावर टाकली तरी तेरीज जुळतेच. येथे नेमके तेच घडले होते. चार श्रेयांक चुकीच्या खात्यावर पडले होते.

ते तेथे कसे गेले, ही हकीकत आपल्या वाचकांनी जरूर ऐकावी. चौथ्या सत्रात 'रेशीम: कोषापासून कापडापर्यंत' अशी चार श्रेयांकांची, म्हणजे १२० तासांची कार्यशाळा होती, आणि ती मुख्य विषयात मोडत होती. रेशमाचा किडा आपल्याभोवती एकसंध धागा गुंडाळून कोष करतो. पतंग बाहेर पडला तर कोषाला भोक पडते आणि धागा तुटतो. म्हणून आतील जीव वाफेने किंवा उष्णतेने मारून, कोष गरम पाण्यात टाकून तो धागा उलगडतात. कार्यशाळेत विद्यार्थ्यांनी हे स्वतःच्या हाताने करावयाचे होते. नातीने नकार दिला. घरातून तिला कोणी तसे सांगितले नव्हते. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण आपल्याच कपाटांत पैठण्या आणि रेशमी उपरणी आहेत, आणि लग्नकार्यात त्या नेसताना आपण कोषाचा विचार करीत नाही. तिने तो केला.

तेव्हाच्या अभ्यासक्रम-समन्वयक बाई समजूतदार होत्या. त्यांनी तोंडी सांगितले, "ठीक आहे, त्याऐवजी तू सुतावरील नैसर्गिक रंगांचा चार श्रेयांकांचा अभ्यास कर." तिने तो मनापासून केला, उत्तम श्रेणीही मिळाली. परंतु तो विषय नियमपुस्तिकेत वैकल्पिक म्हणून नोंदलेला होता, त्यामुळे श्रेयांकही त्याच खात्यावर जमा झाले. पुढल्या वर्षी बाई नोकरी सोडून गेल्या.

मी विचारले, "त्यांच्या होकाराचा काही लेखी पुरावा?" तिने बरीच शोधाशोध करून आपली कार्यवही काढली. (या मुलांना प्रत्येक कामाची अशी वही ठेवावी लागते, कल्पना कशी सुचली, काय फसले, काय बदलले, सारे त्यात असते. ज्यूरीपुढे तयार वस्तूइतकेच या वहीलाही महत्त्व असते.) एका पानाच्या कोपऱ्यात बाईंच्या अक्षरात तीन शब्द होते: 'रेशमाऐवजी कापूस, मान्य.' खाली सही आणि तारीख. तेवढाच आधार.

आम्ही अर्ज लिहिला. मी त्यात भावनेची एकही ओळ घातली नाही. केवळ घटनाक्रम, तारखा, वहीच्या पानाची प्रत आणि तीन रकान्यांचा तक्ता जोडला. धर्माचा उल्लेख करावा की नाही, यावर आमच्यात वाद झाला. भाच्याचे म्हणणे, "आपण जैन आहोत असं ठळक लिहा." नात म्हणाली, "मी जैन नसते तरी नकार दिला असता." शेवटी तिचेच मत राहिले. 'विद्यार्थिनीने सद्सद्विवेकाने सजीव कोषांवर प्रक्रिया करण्यास असमर्थता दर्शविली' एवढे एकच वाक्य आम्ही लिहिले.

उत्तर तीन आठवड्यांनी आले. श्रेयांकांचे खाते मागाहून बदलता येणार नाही. समन्वयकांची सही काम पाहिल्याची आहे, वर्गवारी बदलल्याची नव्हे. मात्र अखेरच्या सत्रात नेहमीच्या वीस श्रेयांकांव्यतिरिक्त मुख्य विषयाचा चार श्रेयांकांचा स्वतंत्र प्रकल्प करण्यास अनुमती आहे. शुल्क वेगळे पडेल. भाचा संतापला. मलाही निर्णय कोरडा वाटला. पण बँकेत तीस-पस्तीस वर्षे मीही अशीच उत्तरे दिली आहेत, त्यामुळे फार बोलण्याचा अधिकार मला पोहोचत नव्हता. आणखी १२० तास, म्हणजे पंधरा आठवडे दर आठवड्याला आठ तास. पुण्यातच एका वस्त्रसंस्थेने तिला जूनपासून नोकरी देऊ केली आहे, अट पदवी पूर्ण असण्याची आहे. निवडीला फारशी जागा नव्हतीच.

या निमित्ताने मुलांना कला व डिझाइन महाविद्यालयांत पाठविणाऱ्या आपल्या कुटुंबांसाठी थोडे लिहितो. आपल्या महाराष्ट्रातील या शिक्षणाचा उगमच एका व्यापाऱ्याच्या देणगीत आहे. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली. (त्यांच्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती, हेही तितकेच खरे.) आज बी.एफ.ए.साठी राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा असते, आय.आय.टी.च्या बी.डेस.साठी यूसीड, तर एन.आय.डी. आणि निफ्ट यांच्या स्वतंत्र परीक्षा. परंतु प्रवेशाच्या धावपळीत एक प्रश्न हमखास राहून जातो: शेवटी हातात काय पडणार, पदवी की पदविका? अहमदाबादची एन.आय.डी. १९६१ साली स्थापन झाली; तिचा लौकिक जगभर होता, तरी २०१४ चा कायदा होईपर्यंत ती पदविकाच देत असे. नामवंत संस्थेच्या पदविकेला मान असतो, सामान्य संस्थेच्या पदविकेला तो मिळेलच असे नाही. पुढे परदेशी शिकावयाचे किंवा सरकारी पदासाठी अर्ज करावयाचा झाल्यास पदवी आणि पदविकेतला हा फरक नेमका आडवा येतो. काही खासगी संस्था परदेशी विद्यापीठाचे नाव माहितीपत्रकावर ठळक छापतात. देणारे विद्यापीठ कोणते आणि त्याला आयोगाची मान्यता आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे.

दुसरे, श्रेयांकांची आता खरोखरच बँक आहे. 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या नावाने २०२१ च्या नियमांनुसार ती चालते. प्रत्येक विद्यार्थ्याला बारा अंकी क्रमांक असतो आणि डिजिलॉकरमधून खाते पाहता येते. येथे विद्यार्थी स्वतः भरणा करू शकत नाही. शिक्षणसंस्थाच श्रेयांक जमा करते. जमा श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. एका संस्थेतून दुसरीत जाण्याची सोय आहे, परंतु पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे श्रेयांक मिळविलेले असावे लागतात. ज्या मुलींचे लग्न शिक्षणाच्या मध्यात ठरते, त्यांच्या घरच्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. तिचे दोन वर्षांचे श्रम बुडीत खाती जाण्याचे कारण नाही.

मात्र बँकेतील शिल्लक पाहून निर्धास्त होऊ नये. नातीच्या खात्यातही शिल्लक पुरेशीच दिसत होती. कोणत्या खात्यावर किती, हे दरेक सत्राअखेर नियमपुस्तिकेशी ताडून पाहावे लागते. त्याला अर्धा तास लागतो. आपण जी.एस.टी.चे विवरणपत्र दर महिन्याला जुळवितो. मुलीचे श्रेयांक वर्षातून दोनदा जुळविणे अवघड नाही.

आपल्या आचारधर्मातून उद्भवणाऱ्या अडचणीही आधी बोलून घ्याव्यात. चित्रकलेचे अनेक कुंचले प्राण्यांच्या केसांचे असतात, काही पारंपरिक अस्तरांत प्राणिज सरस असतो, एक जुना लाल रंग किड्यांपासून येतो, आणि चपडा म्हणजे लाखच. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य असे पंधरा कर्मादानांचे व्यवसाय सांगितले आहेत. त्यांत दात-चर्म-केशांचा व्यापार आहे आणि लाखेचाही आहे. आज कृत्रिम तंतूंचे कुंचले, ॲक्रिलिक अस्तर सहज मिळते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी मार्ग निघतो. तो मार्ग शिक्षकांकडून लेखी घ्यावा, आणि बदललेला विषय कोणत्या खात्यावर धरला जाईल हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. दशलक्षण पर्वातील उपवासांचेही तसेच. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के उपस्थितीची अट असते. पर्वकाळातील रजा त्या हिशोबात आधीच धरलेली बरी.

नातीचा प्रकल्प जानेवारीत सुरू झाला. तिला वाटले, 'अहिंसा रेशीम' घ्यावे, ज्यात पतंग बाहेर पडल्यावर उरलेले कोष कातून सूत काढतात. दोन आठवडे वाचन करून ती परत आली. माणसाने शतकानुशतके पाळलेला तो पतंग नीट उडू शकत नाही, काही खात नाही आणि काही दिवसांतच मरतो. तेव्हा यात मारणे टळते, पण जन्माला घालणे आपल्यासाठीच राहते. तिचे समाधान झाले नाही. मी म्हटले, उद्योगी हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही असे शास्त्रही मानते. "मग कमी तरी करता येईल ना, आजोबा?" ती म्हणाली.

तिने शेवटी सुतालाच रेशमाची झळाळी आणावयाचे ठरविले. सूत ताणून धरून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढले की धाग्याची चपटी, पिळलेली काया फुगून गोल होते आणि प्रकाश परतवू लागते. जॉन मर्सर या इंग्रज कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सोड्याची ही क्रिया शोधली, आणि ताण देऊन चमक आणण्याची युक्ती १८९० मध्ये होरेस लो याने जोडली. इचलकरंजीत हे मर्सराइज्ड सूत पोरासोरांनाही ठाऊक आहे. साटीन विणीत ताण्याचे धागे लांबवर मोकळे राहतात, म्हणून तीच वीण तिने घेतली. सोड्याचे सांडपाणी कोठे जाते, हाही प्रश्न तिने प्रकल्पात घातला आहे. पंचगंगेकाठच्या लोकांना त्याचे महत्त्व सांगावयास नको.

स्टुडिओ रात्री उशिरापर्यंत चालतो. रात्रीभोजन नको म्हणून ती पाचचा डबा नेते आणि सूर्यास्तापूर्वी मागावरच बसून जेवते. तिच्या मैत्रिणींनीही आता तीच वेळ धरली आहे, असे तिने परवा फोनवर सांगितले.

ज्यूरी मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. भाच्याने ऐंशी काउंटचे दुपदरी मर्सराइज्ड सूत पुण्याला धाडले, आणि सवयीप्रमाणे मुलीच्याच नावे बिल फाडले. तिने त्याचे छायाचित्र मला पाठविले. बिलावर खाली लिहिले आहे: 'रक्कम येणे, पदवीनंतर.'