यंत्राची पारख, शब्दांवरून

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस लावले. अटी चोख होत्या: आठ तासांत १६,००० वार सूत, किंमत १५० रुपयांच्या आत, टिकाऊपणा २० वर्षांचा, दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांच्या आत. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. तेव्हा यंत्राची पारख अशा अटींवर होई; तंत्रज्ञान पिकले की नाही, हे आज संगणक हजारो शोधनिबंध आणि पेटंट चाळून ताडतो. ‘प्रस्तावित’, ‘प्रयोगशाळेत’ हे शब्द मागे पडून ‘देखभाल’, ‘सुटे भाग’ डोकावू लागले, की तंत्र नासाच्या तंत्रसज्जतेच्या नऊ पायऱ्यांवर वर सरकले असे तो धरतो.

खूण योग्यच आहे. शब्दांची नुसती मोजदाद मात्र फसवते. बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेल्या बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी तिला जुमानेना, तेव्हा त्या अपयशावरही भरपूर लिहिले गेले; नुसते मोजणाऱ्याला तीही प्रगतीच वाटेल. मग संगणकाऐवजी तज्ज्ञच नेमा, असे कुणी म्हणेल. पण एवढे कागद वाचायला तज्ज्ञाला सवड कुठली? खरा आक्षेप वेगळाच आहे: वर्ध्याच्या मगनवाडीत, महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत घडणाऱ्या सौरचरख्यासारख्या अवजारांवर निबंध थोडेच निघणार. मग संगणकाला पेटंटांसोबत मिस्त्रीची दुरुस्तीची वहीही वाचायला द्यावी, वऱ्हाडीत लिहिलेली असली तरी.