भीमथडीचें शिंगरूं व त्याचा स्वार

पणदरे हें गांव बारामती तालुक्यांत, नीरेच्या उत्तरेस आहे. ह्या तालुक्याचें पूर्वींचें नांव भीमथडी. भीमा व नीरा यांच्या थडीस वाढलेलीं तट्टें मराठ्यांच्या फौजेंत नांवाजलेलीं होतीं. अंगानें लहान, पण काटक व थोड्या वैरणीवर लांबची मजल मारणारीं. शालिहोत्राच्या पोथ्या जमविणारांचें लक्ष बहुधा रंग, भोवरे व शुभाशुभ लक्षणें यांवरच खिळतें. शिंगरूं स्वारावर विश्वास कसें ठेवूं लागतें, हा भाग मागें पडतो. त्याचाच येथें विचार करावयाचा आहे.

कौटिल्यानें अश्वाध्यक्षाच्या प्रकरणांत स्वारीच्या घोड्याच्या 5 चाली सांगितल्या आहेत : वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण व नारोष्ट्र. पहिल्या चार पायांच्या आहेत. पांचवी, नारोष्ट्र, म्हणजे स्वाराची खूण ओळखून वागणें; ही मनाची चाल होय. ती चाबकानें येत नाहीं. अस्थानीं मारलेल्या घोड्यास जडलेले दोष तें जिवंत असेतोंपर्यंत जात नाहींत, असें शुक्रनीति बजावते.

ह्याचें कारण घोड्याच्या स्वभावांत आहे. तें श्वापदांचें भक्ष्य. पळून जीव वांचविणारें. डोळे बाजूंस असल्यामुळें त्यास अगदीं नाकापुढचें व शेपटामागचें दिसत नाहीं. म्हणून जाणता मनुष्य प्रथम बाजूनें येऊन खांद्यावर हात ठेवतो. मग खरारा, तोबरा, म्होरकी. नंतर काढणी लावून कावा, म्हणजे वर्तुळांत फिरविणें. पुढें रिकामें खोगीर, आणि हाडें भरल्यावर सर्वांशेवटीं स्वार.

मराठी फौजेंत या शिक्षणास दुहेरी कसोटी होती. बारगिरास घोडें सरकारी पागेंतून मिळे. सभासदाच्या बखरीप्रमाणें 25 बारगिरांवर एक हवालदार, आणि 25 घोड्यांस एक पखालजी व एक नालबंद असे. शिलेदाराचें घोडें मात्र स्वतःचें; तें पडलें तर त्याची चाकरीच धोक्यांत येई. पागेच्या घोड्यास कोणाही स्वाराची खूण समजली पाहिजे, आणि शिलेदाराच्या घोड्यास धन्याचा नुसता आवाज पुरला पाहिजे, असा भेद आम्हांस यांतून दिसतो.

1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहूं लागला. पुढें या भागांत गवताच्या रानांची जागा उसानें घेतली. फौजाही गेल्या. पण घोडें राहिलें तें धनगरांच्या वाड्याबरोबर. पावसाळा सरल्यावर मेंढरें घेऊन कोंकणच्या वाटेस लागलेल्या वाड्यांत घोडीच्या पाठीवर संसार असतो आणि शिंगरूं तिच्या बाजूनें मोकळें चालतें. कुत्रीं, नदीचा उतार, मोटारींचा गोंगाट यांची ओळख त्यास आईच्या आडोशानें होते. भार पाठीवर येण्यापूर्वींच अर्धें शिक्षण झालेलें असतें.

भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून आतां कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें नोंद केली आहे. जातीची नोंद झाली. विद्येची व्हावयाची आहे. संग्राहकांनीं शालिहोत्राच्या पोथींतील वाहनविषयक पानें वेगळीं टिपून घ्यावीं, व तीं घेऊन एकदां एखाद्या वृद्ध धनगराजवळ बसावें. पोथींतील अडलेले शब्द तेथें सुटतील, असा आमचा भरंवसा आहे.