पांढरी पूड आणि हलके पातेले

बेळगावलगत यमनापूर येथे अ‍ॅल्युमिनाचा कारखाना आहे. इंडियन अ‍ॅल्युमिनियम कंपनीने तो उभारला. पुढे ती कंपनी हिंडाल्कोत विलीन झाली. बॉक्साइट नामक तांबूस दगडापासून येथे अ‍ॅल्युमिनाची पांढरीशुभ्र पूड काढतात. एके काळी तिच्यापासून येथेच धातूही बनवीत असत. आपल्या स्वयंपाकघरातील हलके पातेले ज्या धातूचे, त्याचेच अणू या पुडीत ऑक्सिजनशी जोडलेले असतात. तथापि पातेल्यातून वीज वाहते, पुडीतून वाहत नाही. पातेल्याचा धातू 660 अंश सेल्सिअसला वितळतो. पुडीस 2,000 अंशांहून अधिक तापमान लागते. असे का व्हावे?

याचे कारण अणूंना जोडणाऱ्या बंधात आहे. अ‍ॅल्युमिनामधील बंध मुख्यतः आयनिक होय. अ‍ॅल्युमिनियमचा अणू तीन इलेक्ट्रॉन देतो, ऑक्सिजनचा अणू दोन घेतो. म्हणून दोनास तीन असे त्यांचे प्रमाण जमते. देणारा धनभारित आयन होतो, घेणारा ऋणभारित. हे विरुद्ध भार परस्परांस घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे पदार्थ कठीण व दुर्द्राव्य होतो. परंतु तो ठिसूळही असतो. घाव बसून आयनांची ओळ सरकली की समान भार समोरासमोर येतात, एकमेकांस दूर लोटतात आणि स्फटिक फुटतो. खडेमिठाचेही तसेच. (माणिक म्हणजे किंचित क्रोमियम मिसळलेला अ‍ॅल्युमिनाच, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल!)

धातूमध्ये बाहेरचे इलेक्ट्रॉन कोणा एका अणूच्या मालकीचे नसतात. गावच्या गायरानाप्रमाणे ते सर्वांचे. ते मोकळे फिरतात म्हणून वीज वाहते. आणि अणूंची ओळ सरकली तरी बंध तुटत नाही, म्हणून धातूचा पत्रा ठोकून पातेले घडविता येते.

पुडीपासून धातू मिळविणे मात्र सोपे नव्हे. 1886 मध्ये अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू यांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती शोधली. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये अ‍ॅल्युमिना विरघळविला की सुमारे 960 अंशांवरच काम भागते. द्रवात आयन हलू शकतात. वीज सोडताच अ‍ॅल्युमिनियमचे आयन ऋणाग्राकडे जाऊन गमावलेले इलेक्ट्रॉन परत मिळवितात. एक किलो धातूस सुमारे 14 युनिट वीज खर्ची पडते.

इतक्या खर्चाने सुटलेला हा धातू हवेत येताच पुन्हा ऑक्सिजनशी जोडला जातो. पातेल्यावर अ‍ॅल्युमिनाचा डोळ्यांस न दिसणारा पापुद्रा धरतो व आतील धातूचे रक्षण करतो. चिंचेची आमटी किंवा ताक अशा भांड्यात रात्रभर ठेवू नये, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात ते याचसाठी. आम्लाने हा पापुद्रा विरघळतो आणि खालचा उघडा धातू अन्नात उतरू लागतो.