पाहणे आणि दिसणे

देशाटनाने माणसाच्या अंगी शहाणपण येते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. निबंधाच्या वहीत मीही ते दोन-तीनदा लिहिले आहे आणि त्यावर गुणही मिळविले आहेत! पण इतिहास हा विषय घेतल्यापासून एक शंका मनात घोळते. प्रवास करणाऱ्या सर्वांचीच दृष्टी बदलते का? आमच्या शिवाजी पेठेतून तिरुपती, अष्टविनायक, गोवा करून आलेली कितीतरी मंडळी आहेत. परत आल्यावर ती दर्शनाच्या रांगेची आणि गाडीतल्या गर्दीची हकीकत सांगतात, प्रसाद वाटतात आणि दुसऱ्या दिवसापासून सारे पूर्ववत सुरू होते. मग प्रवासाने बदलते ते काय?

उत्तर शोधायला कोल्हापूरच्या बाहेर जाण्याचे कारण नाही. १८७० साली आपले छत्रपती राजाराम महाराज युरोपला गेले. वय अवघे वीस, म्हणजे तुमच्या-माझ्याएवढेच. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असे मानण्याचा तो काळ. महाराज रोजनिशी लिहीत असत, तीही इंग्रजीत. परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अग्निसंस्कार झाला. तेथे त्यांची छत्री आजही उभी आहे. पुढे १८७२ मध्ये ती रोजनिशी पुस्तकरूपाने निघाली. पण पाहिलेल्याचे त्यांनी करवीरात येऊन काय केले असते, हे कळायला मार्ग राहिला नाही. प्रवास घरी परतल्यावर पुरा होतो, आणि त्यांचा तो अर्ध्यावरच राहिला.

त्यानंतर बत्तीस वर्षांनी, १९०२ मध्ये, राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेला गेले. ते परदेशी असतानाच २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात तो प्रसिद्ध जाहीरनामा छापला गेला. रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात, असा तो हुकूम होता. यावरून कोणी म्हणेल की, विलायत पाहिली आणि महाराजांची दृष्टी पालटली. मला हे पटत नाही. १८९४ साली ते गादीवर आले तेव्हा राज्यकारभारातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० जण ब्राह्मण होते. ही विषमता त्यांना तेव्हापासून डाचत होती. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग तर १९०१ मध्येच निघाले होते. म्हणजे महाराज प्रश्न बरोबर घेऊनच बोटीत चढले होते. मनात प्रश्न नसेल तर लंडन काय आणि रंकाळा काय, दोन्हीकडे नुसते पाणीच दिसायचे.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो याहून पुष्कळ लहान प्रवास. कुंभोज हे हातकणंगले तालुक्यातील गाव. तेथे जन्मलेले भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापुरात आले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर, आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. एका वसतिगृहातून दुसऱ्यापर्यंत जाऊन येणे, एवढाच तो प्रवास!

पुढे भाऊराव विक्रेते झाले. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आणि ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल घेऊन ते खेडोपाडी हिंडले. लोखंडाने जमीन नासते, असा त्या वेळी कुणब्यांचा समज होता. तेव्हा नांगर खपवायचा तर आधी त्याच्या ओट्यावर बसून घरची हालहवाल ऐकून घ्यावी लागत असणार. त्याच रस्त्यांनी त्या काळी इतरही विक्रेते फिरत होते. त्यांना गिऱ्हाईक दिसले. भाऊरावांना शाळेवाचून राहिलेली पोरे दिसली. १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एकाच पंक्तीला जेवत. बोर्डिंगातल्या त्या आंघोळीच्या अटीला दिलेले हे उत्तर होते, असे मी समजते.

हे लिहिताना मला माझी आजी आठवते. लग्न होऊन ती भुदरगडातून शिवाजी पेठेत आली. जोतिबाची यात्रा सोडली तर तिचा एवढाच काय तो प्रवास. माहेरी मुलीच्या हाती पाटी तिने पाहिली नव्हती. इथे रोज सकाळी दारावरून शाळेला जाणाऱ्या पोरी तिला दिसत. मग तिने आजोबांशी भांडून आत्याला शाळेत घातले आणि सातवीपर्यंत शिकविले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली; पण ती पायरी मुळात आजीने घातली आहे.

आता घरी वाद चालला आहे तो माझ्या एम. ए.चा. मला पुण्याला जायचे आहे. वडील म्हणतात, "गावात विद्यापीठ असताना परगावी कशाला?" त्यांच्या म्हणण्यात खर्चाची काळजी आहे आणि ती खोटी नाही. आजी मात्र एवढेच विचारते, "जाशील, पण परत येऊन काय करशील?" भाऊरावांविषयी एवढे लिहूनही तिला द्यायला माझ्याजवळ अजून उत्तर नाही. बी. ए.चे एक वर्ष हाताशी आहे.