साक्ष द्यायची, पण कोणाच्या भरवशावर?

न्याय म्हणजे काय, हा प्रश्न हवेत ठेवला की त्याची उत्तरं फार सोपी होतात. म्हणून आज आपण तो जमिनीवर आणू. आणि जमीन निवडू अमेरिकेची, कारण तिथल्या कायद्यात या प्रश्नाची एक अवघड गाठ आहे.

कल्पना करा. एका हॉटेलात भांडी घासणारी एक बाई आहे. त्या देशात राहण्याचे कागद तिच्याकडे नाहीत. मालक तिला मारहाण करतो, आणि वर म्हणतो, 'जा पोलिसांकडे, तुलाच हाकलून देतील.' गुन्हा घडला आहे, गुन्हेगार समोर आहे. पण पुरावा जिच्या तोंडून यायचा तीच गप्प आहे. तिच्या या भीतीवरच मालकाचं सगळं चालतं. उद्या तो दुसरीवरही हात टाकेल, मग तिच्याकडे कागद असोत वा नसोत.

या भीतीवर उपाय म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने ऑक्टोबर २००० मध्ये एक कायदा केला. त्यातून दोन व्हिसा निघाले. माणसांच्या व्यापारात सापडलेल्यांसाठी टी व्हिसा, वर्षाला ५,००० पर्यंत. आणि घरगुती हिंसा, बलात्कार, अपहरण, खंडणी, गंभीर हल्ला अशा ठरावीक गुन्ह्यांच्या पीडितांसाठी यू व्हिसा, वर्षाला १०,००० पर्यंत. जोडीदार आणि मुलं या आकड्यात धरत नाहीत.

यू व्हिसाच्या अटी बघा. गुन्ह्यामुळे शरीराला वा मनाला मोठी इजा झालेली हवी. गुन्ह्याची माहिती हवी. आणि तपासात मदत केलेली, करत असलेली किंवा करण्याची तयारी हवी. या मदतीचा दाखला पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश यांच्यापैकी कुणीतरी सही करून द्यायचा. व्हिसा साधारण चार वर्षांचा. तीन वर्षं सलग राहिल्यावर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. नुसत्या बघ्याला मात्र हा व्हिसा सहसा मिळत नाही. गुन्हेगारी टोळ्यांची आतली खबर देणाऱ्यांसाठी एस व्हिसा आहे. पण त्याचा अर्ज तपास यंत्रणाच करते, आणि संख्याही जेमतेम अडीचशे.

आपल्या मराठी घरांशीही याचा संबंध पोचतो. नवरा एच-१बी वर, बायको त्याच्या आधारावर एच-४ वर. नवरा मारतो. घटस्फोट झाला की तिचा व्हिसाच संपतो! नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवऱ्याच्या छळाविरुद्ध बायकोला स्वतः अर्ज करण्याची सोय १९९४ पासून आहे, पण हा नवरा त्या दोन्हींत बसत नाही. तिच्यापुढे जे थोडे मार्ग उरतात, त्यांतला यू व्हिसा हा एक.

आता आपल्या विषयाकडे येऊ. कांट म्हणतो, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. मग 'साक्ष दे, मग आसरा देतो' हा सौदा झाला की नाही? आम्हाला वाटतं, इथे 'केवळ' या शब्दाला फार महत्त्व आहे. या कायद्यात आरोपीला शिक्षा झालीच पाहिजे अशी अट नाही; खटला उभा राहिला नाही तरी दाखला देता येतो. म्हणजे कायदा फळ मोजत नाही, प्रयत्न मोजतो. टी व्हिसात अठरा वर्षांखालच्या मुलांना तपासात मदतीची सक्ती नाही. मनावर खोल आघात झालेल्यांनाही सूट मिळू शकते. एवढ्यापुरता कायदा त्या व्यक्तीला माणूस म्हणून बघतो.

पण दोन ठिकाणी तो घसरतो. पहिलं, दाखल्याची सही. केंद्रीय कायदा ती देण्याची सक्ती करत नाही. सारखाच गुन्हा, सारखीच जखम; एका शहरातले अधिकारी सही करतात, दुसऱ्या शहरातले करत नाहीत. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी स्वतःचे नियम केले, ते यामुळेच. दुसरं म्हणजे रांग. प्रलंबित अर्ज लाखांच्या घरात गेले आहेत आणि जागा दहा हजारच. साक्ष आज द्यायची, आसरा कित्येक वर्षांनी! २०२१ मध्ये, अर्ज प्रथमदर्शनी खरा दिसला तर मधल्या काळात कामाचा परवाना देण्याची पद्धत आली. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे.

कुणी म्हणेल, लोक याचा गैरफायदा घेतात. घेतातही. २०२४ मध्ये शिकागोत लुटमारीची नाटकं रचून यू व्हिसा मिळवू पाहिल्याचे आरोप ठेवले गेले, त्यात भारतीयही होते. पण खोटी नाणी निघाली म्हणून कुणी चलन बंद करत नाही. नाणं पारखून घेतो. आणि अशा लबाडीची सर्वांत मोठी किंमत रांगेतली खरी पीडित बाईच मोजते, हेही ध्यानात ठेवू.

तेव्हा निष्कर्ष एवढाच: साक्ष मागणं अन्याय नाही. समाज साक्षीवरच उभा आहे. पण साक्ष घेणारा हातही बांधील असला पाहिजे. राज्याने तिच्याकडून सत्य घेतलं, तर त्या सत्यामुळे तिला जो धोका निर्माण झाला तोही राज्याने अंगावर घ्यायला हवा. नाहीतर तो हॉटेलमालक जे म्हणाला होता, ते राज्यानेच खरं करून दाखवलं, असं होईल. यावर विचार करा. प्रश्न असतील तर आता घेऊ.